निजलेल्यात जागे काय असते?

बृहदारण्यक उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात काशीचा राजा अजातशत्रू एका निजलेल्या माणसापाशी येऊन उभा राहतो. सोबत बालाकी गार्ग्य आहे. तुला ब्रह्म सांगतो, असे म्हणत हा विद्वान राजाकडे आला होता. सूर्य, चंद्र, वीज, वारा, आरशातले प्रतिबिंब अशी एकेक गोष्ट त्याने ब्रह्म म्हणून पुढे केली, राजाने प्रत्येक वेळी ती बाजूला सारली, आणि शेवटी गार्ग्याला बोलायला काही उरले नाही. तेव्हा राजाने त्याचा हात धरला आणि दोघे या निजलेल्या माणसाकडे आले. राजाने त्याला सोमाची मोठमोठी नावे घेऊन हाक मारली. माणूस उठला नाही. मग त्याला हाताने दाबून हलवले, तसा तो उठून उभा राहिला. कौषीतकी उपनिषदातही ही गोष्ट आहे, तिथे राजा काठीने डिवचतो. राजाने पुढे विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे: हा निजला होता तेव्हा याच्यातला जाणणारा कुठे होता, आणि आता आला कुठून? भाष्यकारांनी या प्रश्नावर पानेच्या पाने लिहिली. मी मात्र त्याच्या आधीच्या प्रसंगापाशीच थबकतो. हाक पोहोचली नाही आणि हात पोहोचला, असे का झाले? निजलेल्याला बाहेरून जागे करता येते, तेव्हा त्याच्या आत आधीपासून नेमके काय असावे लागते? आपल्या परंपरेत ज्ञानाला बोध म्हणतात आणि ज्ञान्याला बुद्ध. दोन्ही शब्दांचा धातू जागे होण्याचाच आहे. त्यामुळे जागे होण्याची अट काय, हा प्रश्न झोपेपुरता राहत नाही. गुरूच्या शब्दाने काय होते, कृपा कुणावर होते आणि अधिकार कशाला म्हणायचे, हे सगळे त्याच्या पोटात येते.

या प्रश्नाचा एक पैलू अगदी उघडा करून दाखवणारी गोष्ट आज कोणत्याही कचेरीत टेबलाखाली सापडते. बंद असलेला कॉम्प्युटर दुसऱ्या ठिकाणाहून, नेटवर्कवरून चालू करता येतो. याला वेक-ऑन-लॅन म्हणतात. त्याचे मूळ ए.एम.डी. आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या मॅजिक पॅकेट या कल्पनेत आहे, आणि इंटेल व आय.बी.एम. यांनी १९९७ मध्ये ती वेक-ऑन-लॅन या नावाने बाजारात आणली. बंद यंत्र हाक ऐकते कसे? उत्तर असे की ते पूर्ण बंद नसतेच. १९९५ च्या सुमारास इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली, त्याआधीच्या कॉम्प्युटरांत पुढचे बटण म्हणजे थेट विजेचा खटका होता. तो पाडला की आत थेंबभरही वीज उरत नसे, आणि अशा यंत्राला हाताशिवाय कुणी उठवू शकत नसे. एटीएक्सच्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीतून, मात्र एक जांभळी वायर निघते. भिंतीवरच्या बोर्डाचे बटण चालू असेपर्यंत तिच्यावर ५ व्होल्ट कायम असतात, पंखा थांबलेला असो, पडदा काळा असो. या विजेवर मदरबोर्डाचा एक कोपरा आणि नेटवर्क कार्ड जागे राहते. कॉम्प्युटर बंद करून मागच्या बाजूला वाकून पाहिले, तर लॅन केबल जिथे खोचलेली असते तिथे हिरवा किंवा पिवळा बारीकसा दिवा तेवताना दिसतो. कार्ड या अवस्थेत इतर काही करत नाही. केबलवरून येणारी माहितीची प्रत्येक चौकट ते तपासते आणि टाकून देते. त्याला एकच खूण हवी असते: सहा बाइट, ज्यांतला प्रत्येक बिट १ आहे, आणि त्यापाठोपाठ त्याचा स्वतःचा सहा बाइटांचा मॅक अॅड्रेस, ओळीने सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. ही खूण जुळली की कार्ड मदरबोर्डाला इशारा देते, मदरबोर्ड एसएमपीएसची हिरवी वायर जमिनीला जोडतो, आणि पंखा फिरू लागतो. सुरुवातीच्या काळात हा इशारा आणि ती पाच व्होल्ट वीज यांसाठी कार्डापासून मदरबोर्डापर्यंत तीन तारांची वेगळी केबल लावावी लागे; १९९८ मधल्या पीसीआय २.२ या सुधारणेपासून इशारा आणि स्टँडबायची वीज या दोन्हींची सोय स्लॉटमधूनच झाली.

या रचनेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब ही की हाकेबरोबर शक्ती येत नाही. १०२ बाइटांच्या त्या पॅकेटने एक पंखासुद्धा फिरणार नाही. उठायला लागणारी सगळी वीज उठणाऱ्याच्या घरचीच असते, बोर्डापर्यंत आलेली, फक्त अडवून धरलेली. हाकेत उपदेश नसतो, आज्ञाही नसते. काय करायचे, कोणती फाइल उघडायची, यातले अक्षरही तिच्यात नाही. तिच्यात असते ते निजलेल्याचे स्वतःचे नाव. आणि ते नाव ओळखू शकेल एवढी जाग निजलेल्यात आधीपासून हवी. ही जाग हाक देऊ शकत नाही, आणि ती नसेल तर हाकेला काही अर्थ उरत नाही. शिवाय ही तयारी झोपण्याआधी झालेली असावी लागते. बायोसमध्ये परवानगी दिलेली असावी लागते. चालू असताना ऑपरेटिंग सिस्टिमने कार्डाला, मी निजल्यावर तू पहाऱ्यावर राहा, असे सांगून ठेवलेले असावे लागते. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपच्या पद्धतीत ही सूचना न देताच यंत्र निजते, म्हणून काल उठणारा कॉम्प्युटर आज हाकेला उठत नाही. कित्येक यंत्रांत वीज पूर्ण जाऊन परत आली की कार्ड आपला पहारा विसरते. मग कुणीतरी एकदा हाताने बटण दाबून ते चालू करावे लागते, नीट बंद करावे लागते, तेव्हा कुठे ते पुन्हा ऐकू लागते. दिवसातून दोनदा दिवे जाणाऱ्या गावातल्या कचेरीत ही अडचण पुस्तकी राहत नाही. बायोसमध्ये ईआरपी नावाची एक निवडही असते. युरोपीय संघाच्या नियमाने २०१३ पासून बंद यंत्राने खाण्याची वीज अर्ध्या वॅटपर्यंत खाली आणली, त्या नियमासाठी ती आहे. ती चालू केली की बहुतेक यंत्रांत मागचा तो बारीक दिवाही विझतो. वीज वाचते आणि हाकेची वाट बंद होते.

यंत्रशास्त्राला यासाठी बंद या शब्दाचे दोन अर्थ करावे लागले. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय नावाचे प्रमाण ठरवले. त्यात निजण्याच्या पायऱ्या आहेत. स्मृती तेवत ठेवणारी झोप एस-३, स्मृती डिस्कवर उतरवून घेतलेली झोप एस-४, बटणाने केलेले मऊ बंद एस-५, आणि या सर्वांपलीकडे जी-३, म्हणजे बोर्डावरचा खटकाच पाडलेला. एस-५ आणि जी-३ समोरून अगदी सारखे दिसतात. काळा पडदा, थंड पेटी. फरक एवढाच की एकाला हाक पोहोचते आणि दुसऱ्याला पोहोचत नाही. हीच बारकाई आपल्याकडच्या चर्चेत फार पूर्वी झालेली आहे. ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात मूर्च्छेचे सूत्र आहे, आणि त्यावर शंकराचार्य विचारतात की मूर्च्छित माणूस जागा, स्वप्नात, गाढ झोपेत की मेलेला. मग ते एखाद्या वैद्यासारखे वर्णन करतात. गाढ झोपलेल्याचा चेहरा शांत असतो, श्वास एका लयीत चालतो, डोळे मिटलेले असतात आणि हाताने नुसते दाबले की तो उठतो. मूर्च्छित माणसाचे अंग कापते, डोळे उघडे राहतात, चेहरा भयंकर दिसतो आणि त्याला मुसळासारख्या जड वस्तूने मारले तरी जाग येत नाही. अवस्था ओळखायची ती उठवण्याला मिळणाऱ्या प्रतिसादावरून, ही आचार्यांची कसोटी आणि तंत्रज्ञाची कसोटी एकच आहे.

माणसाच्या झोपेबद्दल तरी हे खरे आहे का, की आपण यंत्राचे चित्र माणसावर चिकटवतो आहोत? पुरावा शरीराच्याच बाजूने आहे. मोरुत्सी आणि मॅगून या दोन शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की मेंदूच्या देठातल्या जाळीदार भागाला विजेने चेतवले की संपूर्ण मेंदूच्या लहरी झोपेकडून जागेपणाकडे वळतात. तो भाग शाबूत आहे तोवर झोप ही झोप असते; त्याला मोठी इजा झाली की माणूस बेशुद्धीत जातो आणि कितीही हाका मारल्या तरी उठत नाही. १९६० मध्ये ऑस्वाल्ड, टेलर आणि ट्राइसमन यांनी झोपलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवली आणि मेंदूच्या लहरी टिपल्या. इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला प्रतिसाद अधिक वेळा उमटला. म्हणजे झोपेतही कुणीतरी आलेली प्रत्येक चौकट उघडून पाहते आणि आपले नाव नसेल तर टाकून देते. प्रश्नोपनिषदातला चौथा प्रश्न नेमका हाच आहे. बालाकीहून वेगळा असलेला गार्ग्य सौर्यायणी पिप्पलाद ऋषीला विचारतो, या पुरुषात कोण झोपतात आणि कोण जागे राहतात? उत्तर येते की या नगरीत प्राणाचे अग्नी जागे राहतात. वैशेषिकांचे प्रशस्तपाद तर याहून नेमके बोलतात. ते प्रयत्नाचे दोन प्रकार करतात. एक इच्छा-द्वेषातून येणारा, आणि दुसरा केवळ जिवंतपणातून येणारा. हा दुसरा प्रयत्न झोपलेल्याचा श्वास-उच्छ्वास चालू ठेवतो, आणि जाग येण्याच्या क्षणी मनाला पुन्हा इंद्रियांशी जोडून देतो. एकच गोष्ट दोन कामे करते: झोपेत पहारा आणि उठताना जोडणी. जांभळ्या वायरीचे याहून चांगले शास्त्रीय वर्णन मला सुचत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरोखर जड आहे. वेदान्ती म्हणेल, तुम्ही जे जागे म्हणता ते आमच्या कामाचे नाही. आम्ही सुषुप्तीत साक्षी मानतो. मी सुखाने झोपलो, मला काही कळले नाही, असे उठल्यावर माणूस म्हणतो ते आठवून म्हणतो, आणि आठवण अनुभवाशिवाय होत नाही. म्हणून झोपेतही अनुभवणारा होता. तुमचे कार्ड अनुभवत नाही, नुसती तुलना करते. दुसऱ्या बाजूने नैयायिक म्हणेल, गाढ झोपेत कसलेही ज्ञान नसते, आणि उठल्यावरचे ते वाक्य अनुमान आहे, आठवण नव्हे. प्रामाणिकपणे पाहिले तर वेक-ऑन-लॅनचा दाखला या वादात नैयायिकाच्या बाजूला झुकतो, आणि हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. कॉम्प्युटर चालू झाल्यावर त्याच्या स्मृतीत रात्रभर केबलवरून काय आले याची काहीही नोंद नसते. कार्डाने हजारो चौकटी तपासल्या, पण कुणासाठी? कुणासाठीच नाही. तरीही ते उठवता आले. यावरून एवढे सिद्ध होते की हाकेने जागे होता येण्यासाठी साक्षी असण्याची गरज नाही. साक्षी आहे की नाही हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, फक्त वेगळा होतो. मला तर वाटते अजातशत्रूचा प्रयोग नेमका हाच वेगळेपणा दाखवतो. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार राजाने घेतलेली सोमाची ती नावे प्राणाचीच होती. माणूस निजला तरी प्राण निजत नाही, श्वास चालूच असतो. आणि तरी प्राणाच्या नावांना उत्तर आले नाही. म्हणजे जागा असलेला प्राण हा जाणणारा नव्हे. झोपेत पहारा करणारे एक आणि अनुभवणारे दुसरे, हा भेद उपनिषदाने स्वतःच करून ठेवला आहे. ज्यांना साक्षी सिद्ध करायचा आहे त्यांनी तो इतर युक्तींनी करावा, याज्ञवल्क्याने जनकापुढे केला तसा. हाकेने जाग येते, म्हणून आत साक्षी आहे, ही उडी मात्र घेता येत नाही. निर्जीव यंत्राचा चेतनेशी काय संबंध, हा दुसरा नेहमीचा आक्षेप यातच विरघळतो. कार्डाला चेतना आहे असा माझा दावाच नाही. दावा अटीचा आहे: ज्याच्यात ग्रहण करणारे काहीच चालू नाही त्याच्यापर्यंत कोणताही संदेश पोहोचू शकत नाही. ही अट दगडाला, यंत्राला आणि माणसाला सारखीच लागू आहे.

याहून खोल आक्षेप आपल्या भाषेतला आहे. ज्ञानदेवांनी अमृतानुभवात शब्दाची आधी थोर स्तुती केली आहे, तो आठवण करून देणारा म्हणून. आणि मग शब्दखंडनात त्याच शब्दाला रिकाम्या हाताने परत पाठवले आहे. जो स्वतःला कधी विसरलाच नाही त्याला आठवण कसली द्यायची? जो कधी निजलाच नाही त्याला जागे कसे करायचे? माझी मांडणी या प्रश्नापुढे अडचणीत येते असे वाटेल. निजलेल्यात आधीच काही जागे आहे असे मीच म्हटले, तर मग हाकेने केले काय? मला वाटते उत्तर पंढरपुरात रोजच्या व्यवहारात मिळते. पहाटे काकडा होतो, देवाला उठवतात. आषाढीच्या आणि कार्तिकीच्या यात्रेत मात्र देवाचा पलंग काढतात. मग देवाला नीज नाही, दर्शन रात्रंदिवस चालू, आणि यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होऊन पलंग पुन्हा येतो. आषाढीला पंचांगात शयनी एकादशी आहे. ज्या दिवसापासून देव चार महिने निजतो असे पंचांग सांगते, त्याच दिवशी पंढरीत देव उभ्याने जागा असतो. वारकऱ्याला यात विसंगती दिसत नाही, आणि तो भाबडेपणाने दिसत नाही असे समजणे चूक ठरेल. जागे असणे आणि जागे होऊन समोर येणे या दोन गोष्टी आहेत, हे तो जाणतो. काकड्याने देवाला जाग दिली जात नाही. त्याने दार उघडावे, तोंड दाखवावे, लेकरांकडे पाहावे, एवढे मागितले जाते. मागच्या दिव्यावर तेवणारा कॉम्प्युटरही जागाच असतो, पण त्याच्याकडून एक ओळ टाइप होत नाही. हाक लागल्यावर तो दिवा मोठा होत नाही, बाकीचे सगळे कामाला लागते. शब्दाचे काम त्या कायम जागेवर नाहीच. ज्ञानदेवांनी शब्दाला तिथून परत पाठवले ते योग्यच केले. त्याचे काम निजलेल्या उरलेल्या घरावर आहे.

आता अधिकाराचा प्रश्न. वेदान्तात ज्ञानाच्या अधिकाऱ्याला चार साधने सांगितली आहेत: विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मुमुक्षुत्व. ही यादी वाचून कुणाचाही धीर सुटावा. एवढे सगळे असेल तर मग हाकेची गरज तरी काय, असे मनात येते. टेबलाखालच्या यंत्राकडे पाहिले की या चारांतला क्रम उलगडतो. हाक लागायला पूर्ण शक्ती लागत नाही, लागते ती तेवढी जांभळी वायर. ती म्हणजे मुमुक्षुत्व, सुटायची इच्छा, कितीही मंद का असेना. पंखे, डिस्क, पडदा हे सारे हाक लागल्यानंतर चालू होते, आणि हाकेआधीच ते चालू असण्याची अट घातली तर कुणीच कधी उठणार नाही. शास्त्राने चारही साधने आधी मागितली आहेत हे मला ठाऊक आहे, आणि या ठिकाणी मी शास्त्रापासून जाणूनबुजून थोडा दूर जातो. पण त्याहून मोठा अपराध अधिकार या शब्दाने वेगळ्या तऱ्हेने केला. ब्रह्मसूत्रातल्या अपशूद्राधिकरणाच्या भाष्यात तो जन्मावर नेऊन बांधला गेला. हार्डवेअरच्या गरजा काय आहेत ते मोजून पाहा: स्टँडबायची वीज, ऐकणारे कार्ड, इशारा नेणारी वाट, आधी दिलेली परवानगी. पेटी कुठल्या कारखान्यातली आहे, डिस्कवर काय लिहिले आहे, गेल्या वर्षी त्यावर कसली कामे झाली, यातले काही विचारले जात नाही. मॅजिक पॅकेट नेटवर्कवरच्या सर्वांना मिळून पाठवले जाते, कारण निजलेले यंत्र आपला पत्ता कुणाला कळवू शकत नाही. सर्वांच्या कानावर ते पडते. जन्माने अधिकार ठरवणे ही ऐकण्याची अट नाही, ती हाकच मध्ये अडवण्याची युक्ती आहे. चोखोबांना महाद्वाराच्या आत पाऊल टाकू दिले नाही. त्यांची समाधी आजही नामदेव पायरीपाशी, बाहेर आहे. दार सर्वांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले आणि साने गुरुजींना उपोषण करावे लागले. चोखोबांच्या आतला दिवा तेवतो आहे की नाही हे कुणी कधी वाकून पाहिले होते?

कृपावादी इथे थांबवेल. तो म्हणेल, वाल्या कोळ्यात कसली वायर आणि कसला दिवा होता? नारदाने त्याला शुद्ध कृपेने उठवले. मी त्या कथेकडे पुन्हा पाहायला सांगेन. नारदाने त्याला एकच प्रश्न दिला, या पापाचे वाटेकरी कोण? वाल्या त्या प्रश्नावर हसून कुऱ्हाड उचलू शकला असता. तो घरी गेला आणि विचारून आला. त्या घरापर्यंतच्या वाटेला मी जागे काहीतरी म्हणतो. यावर कुणी म्हणेल, ही तर फसवी युक्ती झाली. जो उठला त्याच्यात दिवा होता म्हणायचे, जो उठला नाही त्याच्यात नव्हता म्हणायचे, मग खोटे ठरणार कधी? आक्षेप रास्त आहे. कॉम्प्युटरच्या बाबतीत दिवा आधी पाहता येतो, माणसाच्या बाबतीत येत नाही. तेव्हा माणसाबद्दल ही मांडणी भाकीत करू शकत नाही, आणि तिने करूही नये. पण त्यातून एक निष्कर्ष निघतो तो टाळता येत नाही. दिवा बाहेरून दिसत नाही, म्हणून याला हाक मारून उपयोग नाही, असे म्हणायला कुणाकडेच आधार नाही. अमुक जातीत, अमुक धंद्यात, अमुक वयात ते नसते, असे सांगणाऱ्याने कुणाचीही पेटी फिरवून पाहिलेली नाही. आणि उठवणाऱ्यालाही श्रेय घेता येत नाही. मॅजिक पॅकेटला पोच नसते. पाठवणाऱ्याला परत काही कळवले जात नाही. यंत्र उठले की नाही हे त्याला पाठवण्याच्या कृतीतून कळतच नाही, नंतर वेगळे विचारून पाहावे लागते. शिवाय हाक दूरवरून येत असेल तर ती बहुधा थेट पोहोचत नाही, कारण राउटर अशी सर्वांसाठीची हाक आत सोडत नाही. त्याच घरातले एखादे जागे यंत्र ती घेऊन आत पुन्हा उच्चारते. ग्रंथ सातशे वर्षांपूर्वीचा असला तरी तो आजच्या माणसाला उठवतो तो याच वाटेने: गावातल्या कुणीतरी कीर्तनात, पारायणात, स्वयंपाकघरात दळताना तो पुन्हा म्हटलेला असतो.

राहिला सोळा वेळांचा प्रश्न. एकदाच नाव घेऊन का भागत नाही? कारण केबलवरून सतत काहीबाही वाहत असते, आणि त्यात सहा बाइटांचा एखादा पत्ता योगायोगाने जुळून येऊ शकतो. सोळा वेळा ओळीने तेच येणे योगायोगाने होत नाही. पुनरुक्ती इथे पटवण्यासाठी नाही, ऐकणाऱ्याने भलत्याच आवाजाला आपले नाव समजून उठू नये म्हणून आहे. छांदोग्यात उद्दालकाने श्वेतकेतूला तेच वाक्य नऊ वेळा ऐकवले. ब्रह्मसूत्राच्या चौथ्या अध्यायाची सुरुवातच आवृत्तीपासून होते, आणि तिथे आचार्य स्पष्ट सांगतात की ज्याला एकदा ऐकून कळले त्याला पुन्हा ऐकण्याची गरज नाही. ज्याच्या मनात संशय आणि उलटी समजूत आडवी येते त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा ऐकणे आहे. नऊही वेळा दृष्टान्त बदलले, मीठ, वडाचे बी, मधमाशा, नद्या, पण शेवटी आला तो ऐकणाऱ्याचाच पत्ता. वेदान्तातल्या त्या दहाव्या माणसाच्या गोष्टीतही वाटसरू नवे काही देत नाही. नदी ओलांडून आलेले दहा जण प्रत्येकी नऊच मोजतात आणि रडत बसतात, आणि तो येऊन म्हणतो, दहावा तूच. सांगितलेली माहिती पूर्णपणे ऐकणाऱ्याची स्वतःची असते. ती त्याच्याजवळ होती, पण त्याने स्वतःहून ती वाचली नाही. म्हणून हाक अनावश्यक ठरत नाही, आणि हाकेत शक्ती आहे असेही ठरत नाही.

असे पाहिले की काशीतल्या त्या प्रसंगात हाक का चुकली याचा मला एक साधा अर्थ दिसतो. राजाने घेतलेली नावे मोठी होती, तेजस्वी होती, पण त्या माणसाची नव्हती. त्याच्या आतला पहारेकरी जागा होता, याची साक्ष लगेच हाताने दिली. नावे त्याच्या कानावर पडली असतील आणि त्याने ती, आपली नाहीत म्हणून, सोडून दिली असतील. तो माणूस कोण होता, कुठल्या कामाने दमून तिथे निजला होता, हे उपनिषद सांगत नाही. तो उठून उभा राहिला, आणि राजा आणि गार्ग्य त्याच्याविषयी एकमेकांशी बोलू लागले. त्याला त्याचे नाव कुणी विचारले नाही.